गप्प बसणारं पोर



"आमचा थोरला फार शहाणा. बसवला तिथं बसतो, काही मागत नाही की रडत नाही." धाकट्याला लस टोचायला आणलेली आई कौतुकाने सांगते. थोरला असतो दीड-दोन वर्षांचा. या वयाच्या पोराने धावावं, नको म्हटलं तिथं हात घालावा, हट्ट करावा. ते भिंतीला टेकून नुसतं बघत बसत असेल तर त्याला शहाणं म्हणू नका. जवळ घ्या आणि त्याचे पाय बघा.

दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून धरा. अंगठा काढल्यावर खळगा राहिला तर ती सूज आहे. सोबत चेहरा सुजल्यासारखा दिसतो, केस विरळ व तांबूस होतात, कातडीचे पोपडे निघतात, खाण्यावरची वासना उडते. आणि शेजारीपाजारी म्हणतात, पोर कसं बाळसेदार आहे! आफ्रिकेत गोल्ड कोस्ट, म्हणजे आताच्या घाना देशात, सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी अशी मुले तपासली. तिथल्या बायकांना हे दुखणे चांगले ठाऊक होते. त्यांच्या गा भाषेत त्याला 'क्वाशिओरकोर' म्हणत. पाठचं भावंड आलं की आधीच्या पोराला जडणारा आजार, असा त्याचा अर्थ. बाईंनी १९३५ साली तेच नाव वैद्यकशास्त्राला दिले.

आपल्याकडे तरी वेगळं काय घडतं? दिवस राहिले की "आता हे दूध बाधेल" म्हणून थोरल्याचं अंगावरचं एकदम तोडतात. (आई धडधाकट असेल तर ते बाधत नाही.) मग चहात बुडवलेलं बिस्किट हेच त्याचं जेवण. बाळंतपण झाल्यावर आईची कूसही जाते. तो सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर येतो आणि त्यापायी तिची शाळा सुटते. म्हणजे एका घरात दोन मुलांची हेळसांड झाली. यात आईला बोल लावून काही साधत नाही. तिच्या अंगात दोघांना पुरेल एवढी ताकदच उरलेली नसते. अंगणवाडीत पोराचं वजन करून घ्या, दंडाला पट्टी लावून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, किंवा पायावर सूज दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ही झाली नकळत होणारी आबाळ. मारहाण मात्र झाकली जाते, म्हणून तिच्या खुणा ठाऊक हव्यात. चालत्या पोराला गुडघ्यावर, नडगीवर, कपाळावर लागायचंच. पण कान, गाल, पाठ, मांड्यांची आतली बाजू इथे वळ दिसले, किंवा रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर काळंनिळं दिसलं, तर विचारा. (जन्मापासून कमरेवर असलेला निळसर डाग ही माराची खूण नव्हे.) विडीएवढा गोल भाजल्याचा डाग, दरवेळी निराळी सांगितलेली हकिकत, दुखापत होऊन दोन दिवसांनी दवाखान्यात आणणे, हेही लक्षात ठेवा. बाळाचं पोट फुगलं म्हणून विळा तापवून डागण्या देणारेही आहेत. मेळघाटात त्याला डंबा म्हणतात. हेतू बरा असला तरी बाळ भाजतं आणि खरं दुखणं आत तसंच राहतं.

आणखी एक गोष्ट, जी बायका कुजबुजतात आणि पुरुष ऐकत नाहीत. पोर एखाद्याच माणसाकडे जायला नको म्हणत असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं असेल, लघवीच्या जागी दुखतं म्हणत असेल, तर "काहीतरीच बोलतेस" म्हणून गप्प करू नका. मुलग्यांच्या बाबतीतही हे घडतं. ते सांगेल तेवढं ऐका, तुझी चूक नाही म्हणा, खोदून खोदून विचारू नका. आंघोळ घालण्याआधी, कपडे न धुता दवाखान्यात न्या. तपासणीसाठी आधी पोलिसांत फिर्याद नोंदलेली असावी लागत नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलावरचा असा अत्याचार ज्याला कळला त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाचं नाव छापायला मनाई आहे, म्हणून अब्रूच्या भीतीने थांबू नका. कोणतीही शंका असली तर १०९८ वर फोन करा. पैसे पडत नाहीत, रात्रीसुद्धा चालतो.

आणि ज्या घरात थोरला अजून अंगावर पितो आहे, तिथे पाळणा लांबवायचं आजच ठरवा. दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर हवं. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवून मिळते. बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर अंतराची सुई घेता येते, ती दर तीन महिन्यांनी. सरकारी दवाखान्यात दोन्ही मोफत आहेत. आशाताईला विचारायला नवऱ्यानेही जायला हरकत नाही.