उन्हाळ्यात ठाणे खाडीत होडीने जाताना

ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून रोहित (फ्लेमिंगो) पाहायला होडी सुटते, तिचं वेळापत्रक भरतीवर ठरतं. ओहोटीला पाणी उतरलं की काठालगत नुसता चिखल उरतो. रोहित त्यातच चरत असतात, पण होडी तिथे पोहोचत नाही. पूर्ण भरतीत चिखल बुडतो आणि थवे उडून नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या उथळ पाणथळींकडे जातात. म्हणून भरती चढत असतानाचा वेळ सर्वांत चांगला: होडीला पुरेसं पाणी आणि पक्षी अजून जागेवर.

कोळ्यांचा हिशोब तिथीचा. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, पुढे रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. त्यामुळे दशमी ते द्वादशी दिवसातल्या दोन भरत्यांपैकी एक सकाळी आठ ते दहाच्या आसपास येते. आमच्या मते एप्रिल-मेमध्ये हेच दिवस निवडावेत. सकाळी वारा पडलेला असतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, पाणी खवळतं, होडी हेलकावते.

पारा ३३-३४ अंशांवर असला तरी दमटपणामुळे उकाडा त्याहून जास्त जाणवतो, शिवाय पाण्यावरून परावर्तित होणारं ऊन खालूनही भाजतं. टोपी, भरपूर पाणी आणि अंगावर नीट बांधलेलं लाइफ जॅकेट हवंच.

२०२२ पासून ही खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ आहे. म्हणून थव्याजवळ होडी नेण्याचा आग्रह नावाड्याला कृपया करू नका.