जुन्या माउंटन बाइकच्या फ्रेममध्ये दडलेले दोष

जुनी माउंटन बाइक विकत घेताना गिऱ्हाइकाची नजर साधारणपणे गिअर, ब्रेक, टायर आणि पुढच्या चिमट्यातील शॉक-अप यांवरच खिळते. वस्तुतः हे सर्व भाग झिजले तरी बदलता येतात, परंतु ज्या नळ्यांच्या सांगाड्यावर ते बसवलेले असतात ती फ्रेमच सदोष निघाली, तर बाकीच्या खर्चाला अर्थ उरत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो, कारण आलापल्लीच्या पुढे भामरागडच्या दिशेने गेल्यास दोन गावांमधले अंतर वाढत जाते, दुरुस्तीचे दुकान जवळ असेलच असे नाही, आणि जंगलवाटेच्या उतारावर फ्रेम तुटल्यास स्वाराला गंभीर इजा होऊ शकते.

फ्रेम बहुधा एकाच धक्क्याने तुटत नाही. खाचखळग्यांतून बसणाऱ्या हजारो लहान धक्क्यांनी जोडाजवळ केसाएवढी भेग पडते, ती हळूहळू वाढते आणि शेवटी नळी अचानक तुटते. धातुशास्त्रात यालाच धातूचा थकवा म्हणतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून झालेल्या भीषण रेल्वे अपघातानंतर या प्रकाराकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले गेले, आणि पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून त्याचे नियम शोधले. पोलादावर येणारा ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला, तर ते जवळजवळ अमर्याद धक्के सोसते. ॲल्युमिनियमला मात्र अशी निश्चित मर्यादा नाही, म्हणून ॲल्युमिनियमची फ्रेम वरून नवी दिसली तरी ती किती वर्षे आणि कशा रस्त्यावर चालली, हे विचारणे अगत्याचे असते. फ्रेम कशाची आहे हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. लोहचुंबक चिकटले तर ती पोलादी, हे कोणालाही तपासता येते.

भेगा शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. हँडलची उभी नळी आणि खाली उतरणारी तिरकी नळी यांचा जोड, पायडलचा आस बसतो त्या आडव्या नळीभोवतालचा भाग, आणि सीटचा दांडा आवळला जातो ती कड, या तीन ठिकाणी सर्वाधिक ताण येतो. उंच स्वाराने सीटचा दांडा त्यावरील खुणेपलीकडे वर ओढून वापरला असेल, तर तिसरी जागा विशेष संशयाची ठरते. संशयित जोड स्वच्छ धुऊन कोरडा करावा, त्यावर पातळ तेल किंवा रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे, मग ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून वर खडूची बारीक पूड भुरभुरावी. भेग असल्यास आत शिरलेले तेल पुन्हा वर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओलसर काळपट रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत आसांच्या भेगा पूर्वी याच रीतीने शोधल्या जात. भेग नुसत्या रंगाला आहे की धातूला, असा संशय उरल्यास तेवढ्या जागेचा रंग खरवडून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि विक्रेत्याने खरवडण्यास नकार दिला तर तोच नकार पुरेसा पुरावा मानावा.

समोरून आदळलेली फ्रेम वेगळी ओळखावी लागते. तिरक्या नळीच्या खालच्या बाजूस, हँडलच्या नळीपासून काही बोटे मागे, सुरकुती किंवा फुगवटा बोटांना लागतो. डोळ्याला तो अनेकदा दिसत नाही. फ्रेम पिळलेली आहे का हे पाहण्यासाठी मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेत दोरा बांधून तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजावे. फरक दोन-तीन मिलिमीटरहून अधिक भरल्यास सौदा सोडावा.

या प्रदेशातील पाऊस हा आणखी एक छुपा शत्रू होय. गडचिरोलीत वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वारंवार येतात. अशा ओल्या हवेत पोलादी नळ्या आत शिरलेल्या पाण्याने आतून गंज धरतात, आणि बाहेरचा रंग शाबूत असतानाच पत्रा पातळ होत जातो. सीटचा दांडा बाहेर काढून फ्रेम उलटी करावी. गंजाचा भुगा किंवा लालसर पाणी गळाले तर आतली अवस्था कळते. दांडा हलतच नसेल, तर ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना लागून गंजले असण्याची शक्यता मोठी असते.

सुटे भाग जुने असताना फ्रेमवर नवा चकचकीत रंग दिसल्यास तो कशासाठी दिला, असा प्रश्न विचारावाच. पायडलच्या नळीखाली ठोकलेला फ्रेम क्रमांक खरवडलेला असल्यास सायकल चोरीची असू शकते, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

पोलादी फ्रेमचा तुटलेला जोड गावातील कुशल कारागीर पितळी झाळ देऊन पुष्कळदा वापरण्याजोगा करतो. ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी आहे. तिची ताकद कारखान्यातील उष्णोपचारावर अवलंबून असते, वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीची ती ताकद नष्ट होते आणि साध्या दुकानात ती परत आणता येत नाही. म्हणून वेल्डिंगने दुरुस्त केलेली ॲल्युमिनियमची फ्रेम कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.