न्यू हेब्रिडीजची संयुक्त राजवट

न्यू हेब्रिडीजची संयुक्त राजवट ही नैर्ऋत्य प्रशांत महासागरातील न्यू हेब्रिडीज, म्हणजे आजचा व्हानुआतू, या द्वीपसमूहावर ब्रिटन व फ्रान्स यांनी १९०६ ते १९८० या काळात एकत्रितपणे चालवलेली वसाहती शासनव्यवस्था होती. एकाच भूभागावर दोन राष्ट्रांचा समान अधिकार मानणाऱ्या अशा व्यवस्थेस आंतरराष्ट्रीय कायद्यात काँडोमिनियम म्हणतात. सुदानमध्येही ब्रिटन व इजिप्त यांची संयुक्त राजवट होती. परंतु तेथे प्रत्यक्ष सत्ता ब्रिटनच्याच हाती होती. न्यू हेब्रिडीजमध्ये मात्र दोन्ही भागीदार खरोखरच तुल्यबळ होते आणि व्यवस्थेचे बहुतेक दोष त्यातूनच निर्माण झाले.

पार्श्वभूमी

स्पेनच्या सेवेतील पोर्तुगीज दर्यावर्दी पेद्रो फर्नांदेस दे किरोस हा १६०६ मध्ये येथील सर्वांत मोठ्या बेटावर पोहोचला. आपल्याला दक्षिणेकडील अज्ञात खंड सापडला, अशी त्याची समजूत झाली. त्याने दिलेल्या नावाचा ‘एस्पिरितू सांतो’ हा अंश त्या बेटास आजही चिकटून आहे. १७७४ मध्ये जेम्स कुक याने द्वीपसमूहास न्यू हेब्रिडीज हे नाव दिले. १८२५ मध्ये एरोमांगो बेटावर चंदनाची झाडे आढळल्यानंतर व्यापारी येऊ लागले. १८६० च्या दशकापासून क्वीन्सलँड, फिजी व न्यू कॅलेडोनिया येथील मळ्यांसाठी बेटवासीयांना मजूर म्हणून नेले जाऊ लागले. त्यांपैकी कित्येकांना फसवून किंवा बळाने नेण्यात आले.

प्रेस्बिटेरियन मिशनरी व ऑस्ट्रेलियातील वसाहती यांना ही बेटे ब्रिटनने ताब्यात घ्यावीत असे वाटे. फ्रान्सने १८५३ मध्येच शेजारचे न्यू कॅलेडोनिया घेतले होते. तेथील उद्योजक जॉन हिगिन्सन याने १८८२ मध्ये कंपनी स्थापून न्यू हेब्रिडीजमधील विस्तृत जमिनींवर खरेदीने हक्क सांगितला. या खरेदीचे स्वरूप संशयास्पद होते. बेटांवरील परंपरेनुसार जमीन कुळाची असे. ती कसण्यास देता येई, परंतु कायमची विकण्याची कल्पनाच तेथे नव्हती.

१८८७ मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त नौदल आयोग नेमला. आपापल्या प्रजाजनांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण एवढेच त्याचे काम होते. जमिनीचे तंटे सोडवण्याचा अधिकार त्यास नव्हता. पुढे जर्मनीच्या शिरकावाची भीती वाटू लागल्यावर २० ऑक्टोबर १९०६ रोजी संयुक्त राजवटीचा करार झाला. बेटे दुसऱ्याच्या हाती जाऊ नयेत, हाच त्यामागील मुख्य हेतू होता.

रचना

प्रत्येक देशाचा एक निवासी आयुक्त असे व दोघांचा दर्जा समान असे. ब्रिटिश आयुक्ताचे निवासस्थान पोर्ट व्हिला बंदरासमोरील इरिरिकी या लहानशा बेटावर, तर फ्रेंच आयुक्ताचे मुख्य भूमीवरील शहरात होते. ब्रिटिश नागरिकांना ब्रिटिश कायदा लागू होई, फ्रेंचांना फ्रेंच. तिसऱ्या देशातून आलेल्यास दोहोंपैकी एक कायदा निवडावा लागे. याशिवाय संयुक्त नियम होतेच. टपाल, जकात व सार्वजनिक बांधकाम ही खाती सामाईक होती. पोलीस, रुग्णालये, शाळा व तुरुंग मात्र दुहेरी. एकाच चित्राची टपाल तिकिटे इंग्रजी व फ्रेंच अशा दोन आवृत्त्यांत निघत. दोन्ही ध्वज समान उंचीवर फडकतील याचीही दक्षता घेतली जाई.

संयुक्त न्यायालयात एक ब्रिटिश व एक फ्रेंच न्यायाधीश असे. तटस्थ अध्यक्ष नेमण्याचा अधिकार स्पेनच्या राजास देण्यात आला होता. करारातील उणिवा दूर करण्यासाठी १९१४ मध्ये नवा मसुदा तयार झाला. परंतु महायुद्धामुळे त्यास १९२२ मध्येच मंजुरी मिळाली. इंग्रजी भाषिक या कारभारास काँडोमिनियमऐवजी ‘पँडेमोनियम’, म्हणजे सावळागोंधळ, म्हणत.

स्थानिकांचे स्थान

या दुहेरी कारभाराचे किस्से विनोदाने सांगितले जातात; बेटवासीयांच्या दृष्टीने मात्र त्यात विनोद नव्हता. करारानुसार त्यांना ब्रिटिश वा फ्रेंच नागरिकत्व मिळू शकत नव्हते आणि स्वतःचे राष्ट्र तर नव्हतेच. स्वतःच्याच भूमीवर ते कायद्याने राज्यहीन होते. परकीयास दोन कायद्यांतून निवड करता येई, मूळ रहिवाशास नाही. जमिनीवरील परकीयांचे दावे नोंदवण्याचे काम संयुक्त न्यायालयाकडे होते. तेथे अपरिचित भाषांत व अपरिचित नियमांनुसार बाजू मांडणे कुळांना अवघड जाई. स्थानिकांना मद्य व शस्त्रे विकण्यास करारानेच बंदी होती. परंतु प्रत्येक सत्ता आपल्याच लोकांना शिक्षा करणार असल्याने बंदी शिथिल राहिली.

शिक्षण दीर्घकाळ मिशनऱ्यांवर सोपवलेले होते. १९६० च्या दशकात दोन्ही सरकारांनी चढाओढीने शाळा उघडल्या. त्यामुळे इंग्रजी शिकलेले प्रॉटेस्टंट व फ्रेंच शिकलेले कॅथलिक अशी फूट पडली आणि पुढे राजकीय पक्षही साधारणतः त्याच रेषेवर उभे राहिले. सर्वांची सामाईक भाषा होती ती बिस्लामा. मळ्यांवर व जहाजांवर घडलेली आणि दोन्ही सत्तांनी दुय्यम मानलेली.

स्वातंत्र्य

१९६० च्या दशकात सांतो बेटावर मळेवाल्यांनी पडीक रानाकडे मोर्चा वळवताच जिमी स्टीव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली नाग्रियामेल ही जमीन-चळवळ उभी राहिली. १९७१ मध्ये अँग्लिकन धर्मगुरू वॉल्टर लिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅशनल पार्टी स्थापन केली. १९७७ मध्ये तिचे नाव व्हानुआकू पाटी झाले. ब्रिटनला लवकर बाहेर पडायचे होते, तर शेजारच्या न्यू कॅलेडोनियावर परिणाम होईल म्हणून फ्रान्स सावध होता. नोव्हेंबर १९७९ च्या निवडणुकीत व्हानुआकू पाटीने ३९ पैकी २६ जागा जिंकल्या.

मे १९८० मध्ये स्टीव्हन्स यांनी सांतोवर ‘वेमाराना’ हे वेगळे राज्य घोषित केले. त्यांना फ्रेंच मळेवाल्यांचा व काही अमेरिकन गटांचा पाठिंबा होता. दोन्ही सत्तांचे सैनिक बेटावर आले. तरी एकमत नसल्याने बंड कायम राहिले. ३० जुलै १९८० रोजी व्हानुआतू स्वतंत्र झाला. त्यानंतर लिनी सरकारने पापुआ न्यू गिनीचे सैन्य बोलावले व बंड संपुष्टात आले. ‘नारळ युद्ध’ या नावाने ते ओळखले जाते.

नव्या राज्यघटनेने सर्व जमीन परंपरागत स्थानिक मालकांची व त्यांच्या वंशजांची असल्याचे जाहीर केले. बिस्लामा राष्ट्रभाषा झाली आणि तिच्यासह इंग्रजी व फ्रेंच यांनाही अधिकृत दर्जा मिळाला. नवे कायदे होईपर्यंत पूर्वीचे ब्रिटिश, फ्रेंच व संयुक्त कायदे मात्र घटनेनेच चालू ठेवले.