यंत्र बंद पडते तेव्हा

पिंपरी-चिंचवडच्या परिसरात यंत्रांची घरघर रात्रंदिवस चालू असते. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिंचवड या गावांभोवती कारखान्यांची दाटी झाली आणि पुढे हा पट्टा चाकणपर्यंत जाऊन पोहोचला.

यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करणाऱ्या कामगारास येथे एक धडा आरंभीच शिकावा लागतो. तो असा, की बंद पडलेले यंत्र निर्धोक आहे असे कधीही समजू नये. यंत्रास हात लावण्यापूर्वी तो त्याचा मुख्य खटका बंद करतो, त्या खटक्यास स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवतो. दुसऱ्या कोणी नकळत वीज सुरू केली, तर आत काम करणाऱ्याच्या जिवावर बेतेल, म्हणून ही खबरदारी. शिवाय यंत्रात काही शक्ती साठून राहिली असेल, तर तीही तो आधी काढून टाकतो.

हाच कामगार घरी परततो. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये वरण तापवावयास ठेवतो आणि कळ दाबतो; पण दिवा लागत नाही, आवाज होत नाही. अशा वेळी अनेकांचा हात लगेच पेचकसाकडे वळतो. कारखान्यात पाळलेला नियम घरात विसरला जातो, आणि धोका असतो तो नेमका येथेच.

हा ओव्हन चालतो कसा, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्यात जाळ नसतो. त्याच्या पोटात मॅग्नेट्रॉन नावाची एक नळी असते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हुडकणाऱ्या रडार यंत्रांत ती वापरली जात असे. १९४५ च्या सुमारास पर्सी स्पेन्सर हा अमेरिकन अभियंता अशा नळीजवळ उभा असता त्याच्या खिशातील चॉकलेट वितळले, आणि त्यावरून या तरंगांनी अन्न तापविण्याची कल्पना निघाली. १९४७ साली विक्रीस आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच होता. या नळीतून निघणारे सूक्ष्म तरंग अन्नातील पाण्याच्या कणांना वेगाने हलवितात आणि त्यामुळे अन्न तापते. नळी चालविण्यास मात्र फार मोठा दाब लागतो. घरातील वीज २३० व्होल्टांची. ओव्हनमधील रोहित्र आणि त्यास जोडलेले धारित्र मिळून तिचा दाब सुमारे ४,००० व्होल्टांपर्यंत चढवितात.

आता दोष शोधण्याकडे वळू. दोष नेहमी बाहेरून आत शोधीत जावे आणि सोप्या कारणांचा विचार प्रथम करावा. घरात वीज आहे ना? असल्यास त्याच सॉकेटमध्ये चांगले चालणारे दुसरे उपकरण लावून पाहावे. तेही चालले नाही, तर ओव्हन निर्दोष असण्याचा संभव आहे. मग मीटरजवळील पेटीत एमसीबीचा खटका खाली पडला आहे काय ते पाहावे. पडला असल्यास ओव्हनचा प्लग काढून खटका वर करावा. प्लग पुन्हा लावताच खटका पुन्हा पडला, तर त्याच्याशी झटापट करू नये. तो आपले कर्तव्य बजावीत असतो. प्लगच्या पिना काळवंडल्या असतील, वायर कुरतडलेली असेल किंवा जळका वास येत असेल, तर ओव्हन वापरणे तेथेच थांबवावे.

आकडे दिसतात, पण ओव्हन सुरू होत नाही, असे झाल्यास दाराकडे पाहावे. दार उघडे असता तरंग बाहेर पडू नयेत, म्हणून दाराच्या कडीमागे एकाहून अधिक खटके बसविलेले असतात. कडीत अन्नाचा कण अडकला, तरी दार नीट लागत नाही. लहान मुलांसाठी असलेले कुलूप चुकून सुरू झाले आहे काय, हेही पाहावे. मागील झरोके भिंतीला टेकून बंद झाले असतील, तर ओव्हन तापतो आणि आतील रक्षक खटका वीज तोडतो. अशा वेळी प्लग काढून त्यास निवू द्यावे.

एवढे करूनही ओव्हन निर्जीवच राहिला, तर आतील वितळतार म्हणजे फ्यूज गेला असण्याचा संभव असतो. पण फ्यूज हा बहुधा दोषाचा साक्षीदार असतो. तो का वितळला, हे शोधल्याविना नवा बसविला, तर तोही जातो. दिवा लागतो, तबक फिरते, परंतु पेल्यातील पाणी थंडच राहते, असे असल्यास दोष उच्च दाबाच्या भागात असतो.

ओव्हन उघडण्याची वेळ आली, की घरच्या माणसाने थांबावे. प्लग काढला म्हणजे वीज संपली, असे येथे होत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तशी धारित्रातील वीज प्लग काढल्यानंतरही उरू शकते, आणि तिचा दाब २,००० व्होल्टांहून अधिक असू शकतो. ती आपोआप ओसरावी म्हणून बहुधा आत एक रोधक बसविलेला असतो. पण तोच बिघडलेला असेल, तर बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. एका स्पर्शाने मृत्यू ओढवू शकतो. म्हणून प्रशिक्षित तंत्रज्ञ कवच काढताच प्रथम धारित्रातील वीज सुरक्षितपणे उतरवितो आणि मगच मोजमाप घेतो.

तंत्रज्ञास बोलाविणे यात कमीपणा नाही. कोणता सॉकेट तपासला, खटका केव्हा पडला, दिवा लागत होता की नाही, हे त्यास नीट सांगता आले, तर त्याचे निम्मे काम झालेच म्हणून समजावे. दोष कोठवर आपण शोधावा आणि कोठे हात आवरावा, हे ज्यास कळले, त्यास यंत्र कळले.