रिकामी बादली आणि सोळा सापळे

सकाळचे साडेआठ. मारुतीच्या देवळापुढं पाच-सहा शेतकरी येऊन बसले होते. एक काका तर डवरा धुऱ्यावर ठेवून आणि बैल बाभळीखाली बांधून आले होते. आम्ही आठ कृषिदूत एकसारख्या टी-शर्टात उभे, डोक्यावर टोप्या, मागं फलक : ‘पाच टक्के निंबोळी अर्काचे प्रात्यक्षिक’. सगळं जागच्या जागी होतं. फक्त बादली रिकामी होती.

निंबोळी अर्क करायला सोपा, पण त्याला आदली रात्र लागते. वाळलेल्या ५ किलो निंबोळ्या कुटायच्या आणि तो भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायचा. सकाळी फडक्यातून गाळून घ्यायचा. लिटरभर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात ओतायचा, एकूण १०० लिटर होईल इतकं पाणी घालायचं आणि त्याच दिवशी फवारायचं. रात्री भिजवलं नसेल तर सकाळी दाखवायला काहीच नसतं. आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्या कुणीतरी भिजवलं असेल.

काका रागावले नाहीत. उठता उठता एवढंच म्हणाले, “पोट्टेहो, नव्हतं भिजवलं तं कालच सांगाचं ना बावा. तेवढ्यात माहे चार तास झाले असते.” तास म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून डवऱ्याची एक फेरी. आमच्या चुकीची किंमत त्यांनी त्यांच्या मापात सांगितली होती. ती मला कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा नीट कळली.

ही २०१८ च्या खरिपातली गोष्ट. गाव अकोट तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. आणि गटप्रमुख मी.

बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. मुलांच्या तोंडी त्याचं नाव ‘रावे’. कृषी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीनं घालून दिलेल्या आखणीत हा कार्यक्रम २० आठवड्यांचा होता, आणि त्यातले ८ आठवडे गावात काढायचे असत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांची मुलंमुली जुलै लागला की अकोला, अमरावती आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या गावांत पोहोचतात. मुलं ‘कृषिदूत’, मुली ‘कृषिकन्या’. माती परीक्षणाचा नमुना, बीजप्रक्रिया, फवारणीची काळजी, गावाचा नकाशा, पीकपाहणी, रोजची डायरी आणि शेवटी जाडजूड अहवाल, असा सगळा क्रम ठरलेला. अहवाल गटाचा असतो आणि गुणही जवळजवळ सगळ्यांना सारखेच पडतात. खरी मेख इथंच आहे.

आमचे आठ जण कामचुकार म्हणून जन्माला आलेले नव्हते. दोघं राज्यसेवेची तयारी करत होते आणि त्यांच्या मनात रावे म्हणजे वाया जाणारे दोन महिने. एकाच्या घरी चाळीस एकर ओलीत. “हे तं आम्ही घरीच करतो, यात शिकाचं काय?” हा त्याचा प्रश्न खराच होता. वरुडकडचा एक मुलगा महिनाभर जेमतेम चार वाक्यं बोलला असेल. एक जण गावात यायचा तोच फोटोच्या दिवशी. बाकीचे सांगितलं तर करणारे, पण सांगावं लागणारे.

पहिल्या तीन आठवड्यांत मी प्रत्येक होतकरू गटप्रमुख करतो तेच केलं : सगळं स्वतः केलं. प्रश्नावल्या मी भरल्या, आठ डायऱ्यांचा मजकूर मी लिहून दिला. गावाचा नकाशासुद्धा खोलीत बसून एकट्यानं कार्डशीटवर काढला. तो ग्रामपंचायतीत लावला तेव्हा एका आजोबांनी काठीचं टोक एका ठिपक्यावर ठेवून विचारलं, “हे विहीर कुठून आनली? हे तं बुजून दहा वर्षं झाली.” आणि गोड पाण्याची जी एकुलती विहीर गावाच्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाची, ती माझ्या नकाशात नव्हतीच. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. इथं गोडी विहीर कोणती आणि खारी कोणती, हे शेंबडं पोरही सांगतं. मी मात्र कुणाला विचारलंच नव्हतं.

मला तेव्हा वाटायचं, आपण गाडगेबाबांच्या वाटेनं चाललोय. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी स्वतः खराटा हाती घ्यायचा, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. पण त्यातलं अर्धंच मी ऐकलं होतं. बाबा झाडायला लागले की गाव मागून झाडायला यायचं. त्यांचा खराटा लोकांना बोलावणं होतं. माझ्या खराट्यानं मात्र सातही जणांना सांगितलं की तुमची गरज नाही. ज्यांना काम नको होतं त्यांना मी मोकळीक दिली, ज्यांना थोडं हवं होतं त्यांच्या हातचं काढून घेतलं, आणि वर त्यांच्यावर चिडलोही. निंबोळ्या भिजवायच्या रात्री मला ताप होता. मी नाही तर कोण, याचं उत्तर गटात कुणापाशीच नव्हतं.

पुढं वाचताना एक गोष्ट हाती लागली आणि मी थबकलो. माणसं गटात ढिली का पडतात, याचे सगळ्यांत जुने प्रयोग एका कृषिशाळेतच झाले आहेत. मॅक्सिमिलियँ रिंगेलमान हे फ्रान्समधले शेतकी अभियांत्रिकीचे प्राध्यापक. माणूस, बैल, यंत्र यांची ओढण्याची ताकद ते मोजत होते. १८८० च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना दोर ओढायला लावला, आधी एकेकट्याला आणि मग गटानं. हे काम १९१३ मध्ये छापून आलं. एकट्याचा जोर शंभर धरला, तर दोघं असताना प्रत्येकाचा ९३ च्या आसपास, चौघांत ७७ आणि आठ जणांत ४९. आठ जण, म्हणजे नेमका आमचा गट. प्रत्येक जण निम्म्यावर!

रिंगेलमान यांना वाटलं, यातला बराच भाग ताल न जुळल्यामुळं असेल. बैलजोडीतही एक बैल पुढं आणि एक मागं झाला की तिफण वाकडी जातेच. पण १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं. तेव्हा ताल जुळण्याचा मुद्दा बाजूला काढूनही माणसं गटात कमीच जोर लावताना दिसली. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की ही ढिलाई जाते. पोरं तीच, काम तेच. फक्त आपलं केलेलं आपल्या नावावर दिसतंय, एवढंच नवं.

हे सगळं मी नंतर वाचलं. पण त्या रिकाम्या बादलीनंतर आम्ही जे केलं ते योगायोगानं याच वाटेचं होतं.

त्या संध्याकाळी खोलीत आठ जण बसलो. भाषण देण्याऐवजी मी प्रत्येकाला एकच विचारलं : “तुले यातलं काय करायला आवडंल, अन् कोणच्या वेळेला जमंल?” तीन आठवड्यांत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. राज्यसेवेवाल्या दोघांनी सांगितलं की सकाळी दहापर्यंत आमच्या अभ्यासाला हात लावू नका, संध्याकाळी दोन तास हक्कानं घ्या. चाळीस एकरवाला म्हणाला, “मले लिहायला लावू नका, वावरात पाठवा.” एकाचं अक्षर आणि चित्रकला सुरेख आहे हे मला त्या दिवशी कळलं.

नकाशा पुन्हा झाला, आणि या वेळी देवळापुढच्या अंगणात रांगोळीनं. चित्रकलावाला रेघ ओढायचा आणि भोवतीचं गाव दुरुस्ती सांगायचं. पांधण इकडून वळते. ही विहीर गोडी, तिथं निळी रांगोळी टाक. ती खारी, तिथं पांढरी. पाणी भरायला निघालेल्या बाया हंडा टेकवून थांबल्या आणि नळाला पाणी कुठवर येतं अन् कुठं येत नाही, हे त्यांनी दाखवलं. अडीच तासांत झालेला तो नकाशा माझ्या तीन रात्रींच्या कार्डशीटपेक्षा शंभर पटीनं खरा होता.

पण खरा बदल सापळ्यांनी केला. आदल्याच वर्षी, २०१७ मध्ये, गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी पोखरली होती. त्यामुळं तिचे पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यांवर सगळ्यांचंच लक्ष होतं. आम्हाला सोळा सापळे मिळाले. मी आठ शेतकरी निवडले आणि एकेका शेतकऱ्याला एकेक मुलगा दिला. प्रत्येकाच्या नावावर दोन सापळे आणि एक दहा रुपयांची वही. काम एवढंच : रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे, लिहायचे, पिशवी रिकामी करायची आणि आकडा त्या शेतकऱ्याला स्वतः सांगायचा. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर अळी नुकसानीच्या पातळीला आली असं धरायचं.

पहिल्या आठवड्यात तीन वह्या कोऱ्या राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात शेतकरीच विचारू लागले. नऊच्या आधी न उठणाऱ्या एकाला साडेसातला फोन आला, “दादा, आज किती पाखरं निंघाले?” त्याच्यापाशी उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पावसात निघाला. काळ्या मातीचा चिखल चपलेला असा धरतो की दहा पावलांत पायाला दोन-दोन किलोचे गोळे लागतात. तो चपला हातात घेऊन अनवाणी गेला आणि आकडा सांगून आला. मी शंभरदा सांगून जे झालं नव्हतं, ते वाट पाहणाऱ्या एका माणसामुळं झालं.

ऑगस्टच्या शेवटी चाळीस एकरवाल्याच्या वहीत तीन दिवस ओळीनं आकडे आले : ९, ८, ११. तो धावतच काकांच्या वावरात गेला. हेच ते डवरा सोडून आलेले काका. दोघं ओळीओळीनं फिरले. न उमललेली, पाकळ्या पिळून घट्ट झालेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, शोधून त्यांनी उकलल्या. आत बारीक अळी होती. डोमकळ्या तोडून त्यांनी पिशवीत भरल्या आणि नष्ट केल्या. दुसऱ्या दिवशी निंबोळी अर्क फवारायचं ठरलं. या वेळी वहीत दोन नावं लिहिली होती, भिजवणारा आणि रात्री बघणारा. सकाळी बादली भरलेली होती. काका म्हणाले, “आता जमलं बावा.”

वरुडच्या अबोल मुलाचं दार वेगळ्याच जागी उघडलं. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजारकडच्या एका गटासोबत संत्र्याच्या बागेत एक दिवसाचं बोर्डो मिश्रणाचं प्रात्यक्षिक होतं. त्याच्या घरी संत्रा, त्यामुळं त्याला पुढं केलं. १ किलो मोरचूद एका प्लास्टिकच्या भांड्यात, १ किलो चुना दुसऱ्यात, आणि दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायची. एकूण पाणी १०० लिटर. ओतून झाल्यावर त्यानं न बोलता कुणाचा तरी विळा घेतला आणि पातं त्यात बुडवलं. पात्यावर तांबूस थर चढला. “चुना कमी पडला,” तो म्हणाला, आणि थोडी निवळी वाढवून त्यानं पुन्हा विळा बुडवला, पातं स्वच्छ निघेपर्यंत. मोरचूद मोकळं राहिलं तर पानं करपतात, हे त्यानं मग वीस जणांना समजावून सांगितलं. महिनाभर आम्ही त्याला निरुत्साही म्हणत होतो. त्याला येणारी गोष्ट कुणी त्याच्यापुढं ठेवलीच नव्हती.

सगळेच बदलले असं मात्र नाही. फोटोच्या दिवशी येणारा शेवटपर्यंत तसाच राहिला. त्याच्याशी दोनदा बोललो, तिसऱ्यांदा मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते पाचव्या आठवड्यात सांगितलं, अहवाल देण्याच्या दिवशी नाही. शेवटी सांगितलं की ती तक्रार होते. वेळेत सांगितलं की दुरुस्तीला जागा राहते. त्याचे दोन सापळे दुसऱ्याकडे दिले आणि अहवालात प्रत्येक प्रकरणाखाली काम करणाऱ्याचं नाव घातलं. त्याचं नाव जिथं नव्हतं तिथं नव्हतं. त्याच्या वाटणीचं काम गुपचूप करून त्यावर त्याचं नाव लिहिलं असतं तर उरलेल्या सहा जणांवर अन्याय झाला असता.

शेवटच्या दिवशी काकांच्या वावरात गोवऱ्यांवर रोडगे भाजले. वरण आणि वांग्याची भाजी. पीठ मळणारे, गोवऱ्या रचणारे, पाणी आणणारे सगळे आपोआप वाटले गेले. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

यंदा जुलैत अकोला-अमरावतीच्या कुठल्याशा गावात एखादी मुलगी किंवा मुलगा गटप्रमुख होऊन उतरेल. तिला, त्याला माझं सांगणं थोडकंच आहे. सोबतचे आळशी आहेत हे ठरवण्याआधी त्यांना काय येतं ते विचारा. काम ‘आपल्या सगळ्यांचं’ ठेवू नका, एकेकाच्या नावावर करा. प्रत्येक कामाच्या दुसऱ्या टोकाला वाट पाहणारा एक माणूस बसवा. जो येतच नाही त्याचं काम झाकू नका. आणि प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री, झोपण्याआधी, बादलीत निंबोळ्या भिजल्यात का ते एकदा स्वतः बघून या.