दगड कशामुळे टिकतात? ड्रेन्टेच्या महापाषाण थडग्यांची गोष्ट

आज आपण नेदरलँड्समधल्या ड्रेन्टे या ग्रामीण प्रांतात जाणार आहोत. महापाषाण म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना विदर्भातली दगडी वर्तुळं आठवतील. तिकडे आपण शेवटी येऊच. पण एक फरक सुरुवातीलाच लक्षात ठेवूया : विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली आहेत, तर ड्रेन्टेची थडगी नवाश्मयुगातली, म्हणजे त्यांच्याहून दोन हजारांपेक्षा जास्त वर्षांनी जुनी.

या थडग्यांना तिथे 'ह्यूनेबेड' म्हणतात. अर्थ काय, तर राक्षसांची शय्या. एवढे दगड माणसाने उचलले असतील यावर लोकांचा विश्वासच बसत नव्हता. १६६० साली योहान पिकार्ट नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या पुस्तकात तसं लिहिलंसुद्धा, की ही राक्षसांची कामं. प्रत्यक्षात ती बांधली त्या भागातल्या पहिल्या शेतकऱ्यांनी, इसवी सनापूर्वी सुमारे ३४०० नंतरच्या काही शतकांत. त्यांची मातीची भांडी नरसाळ्यासारख्या तोंडाची असत, म्हणून त्या संस्कृतीला 'नरसाळी-पात्र संस्कृती' असं नाव पडलं.

आता गंमत बघा. ड्रेन्टेची जमीन रेताड. तिथे डोंगर नाही, खडक नाही. मग दगड आले कुठून? तर सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी हिमनदीने स्कँडिनेव्हियातून ते वाहून आणले. शेतकऱ्यांनी त्यातले मोठे निवडले, दोन रांगांत उभे केले, वर छताचे दगड चढवले, फटी लहान दगडांनी बुजवल्या आणि सगळ्यावर मातीचा ढिगारा रचला. बोर्गर गावाजवळचं सर्वात मोठं थडगं साडेबावीस मीटर लांब आहे. त्याचा सर्वात जड दगड २० टनांच्या आसपास भरतो. आत हाडं जवळजवळ मिळतच नाहीत, कारण आम्लधर्मी रेतीत ती विरून जातात. उरतात ती खापरं.

पाच हजार वर्षं ही थडगी टिकली कशी? एक कारण अगदी साधं आहे. बराचसा भाग मेंढ्या चारायचं माळरान होता, तिथे नांगर फिरला नाही. पण ज्या प्रदेशात खडक नाही, तिथे दगडाला किंमत असतेच. चर्चच्या पायासाठी, हद्दीच्या खुणांसाठी दगड जातच होते.

खरं संकट आलं १७३० नंतर. आपल्याकडे कोकणात खारबंधारे असतात, तसे डच किनाऱ्यावर समुद्राचं पाणी अडवणारे बांध आहेत. त्यांच्या तोंडाशी लाकडी खांब असत. हे लाकूड पोखरणाऱ्या, अळीसारख्या दिसणाऱ्या एका सागरी शिंपल्याने ते खांब पोकळ करून टाकले. मग लाकडाऐवजी दगड हवे झाले, आणि दगडाला भाव आला. लोक थडगी फोडू लागले, हद्दीचे दगडही उचलू लागले. तेव्हा २१ जुलै १७३४ रोजी ड्रेन्टेच्या शासनाने ह्यूनेबेडचे दगड नेण्यावर बंदी घातली. प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी युरोपात झालेल्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक.

पण कायदा झाला म्हणजे काम संपलं, असं नाही. एकोणिसाव्या शतकात बरीच थडगी सरकारच्या ताब्यात आली आणि त्यांची 'दुरुस्ती' सुरू झाली. भोवतीचा ढिगारा म्हणजे वाऱ्याने साचलेली रेती, असं समजून तो काढून टाकला गेला. खरं तर तो थडग्याचाच भाग होता! हे कळल्यावर १८७८ साली लुकिस आणि ड्रायडन हे दोन इंग्रज अभ्यासक तिथे गेले आणि उरलेल्याची मोजमापं, चित्रं करून ठेवली. पुढे १९१८ पासून आल्बर्ट व्हॅन गिफेन यांनी एकेक थडगं मोजलं, रेखाटलं, त्याला क्रमांक दिला.

या नोंदींचा उपयोग काय, ते दुसऱ्या महायुद्धात दिसलं. हाव्हेल्टे इथे जर्मन सैन्याने विमानतळासाठी ५३ क्रमांकाचं थडगं मोडून त्याचे दगड खड्ड्यात पुरले. युद्ध संपल्यावर व्हॅन गिफेन यांनी आपल्याच जुन्या नकाशांवरून ते पुन्हा उभं केलं. नकाशे नसते, तर हाती फक्त दगडांचा ढीग आला असता. आज नेदरलँड्समध्ये ५४ ह्यूनेबेड उरले आहेत, त्यातले ५२ ड्रेन्टेत.

आता विदर्भाकडे येऊ. नागपूरजवळच्या जुनापाणीत रिव्हेट-कारनॅक यांनी उत्खनन केलं. माहूरझरीला घोड्यांचे सांगाडे आणि त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले. पण ही वर्तुळं उंच नाहीत. नांगराला आडवा येणारा धोंडा बांधावर टाकला जातो, मुरूम काढताना वर्तुळ जातं, शहर वाढलं की त्यावर ले-आऊट पडतं. यात शेतकऱ्याचा दोष कितपत? ते काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : प्रत्येक दगड आपण वाचवू शकणार नाही, पण प्रत्येक वर्तुळाची नोंद नक्की करू शकतो. तुमच्या गावाशेजारी असं काही दिसलं, तर खणू नका, दगड हलवू नका. फोटो काढा, जागा आणि शेताचा गट क्रमांक लिहा, वर्तुळाचा व्यास पावलांनी मोजा, गावातले जुने लोक त्या जागेला काय म्हणतात ते विचारा, आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. हाव्हेल्टेचं थडगं अशाच कागदांमुळे परत उभं राहिलं.