स्वल्पविराम देणारा पलटणीतला मास्तर

विंझर गावात कुठल्याही पोराचं मराठीचं पुस्तक उघडा आणि फक्त स्वल्पविराम, प्रश्नचिन्हं, उद्गारचिन्हं बघा. मराठीत ती रुजवण्याचं श्रेय दिलं जातं मेजर थॉमस कँडी यांना. जन्म १८०४चा, इंग्लंडातला.

गडी कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी म्हणून आला आणि मराठीतच रमला. मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशात थॉमस आणि त्याचा जुळा भाऊ जॉर्ज, दोघांचाही हात होता. १८३७ साली पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख कँडींकडे आली. पाठशाळा विश्रामबागवाड्यात, म्हणजे पेशव्यांच्या वाड्यात शास्त्रीबुवांची पोरं आणि वर एक गोरा मेजर! लेखक कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी.

१८४७मध्ये कँडींचा इंग्रजी-मराठी कोश, १८५०मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’. त्याआधी मोडीतला मजकूर सलग धावायचा. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. क्रमिक पुस्तकांची भाषाही कँडी बारकाईनं तपासत. त्यांच्या साहेबी वळणाच्या मराठीवर पुढे टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्तच होती. पण चिन्हं टिकली.

१८७७ साली महाबळेश्वरात ते वारले.